हापूसला थंडी हवी, पण तीही वेळेवर

एप्रिलमध्ये पेटीचा भाव ऐकला की आपण म्हणतो, लुटतात लेकाचे. पण रत्नागिरी-देवगडच्या बागायतदाराचं गणित हल्ली हवामानच बिघडवतंय, आणि त्याला फक्त "उष्णता वाढली" म्हणून भागत नाही.

कसं असतं, पाऊस गेला की जमीन सुकायला लागते, ऑक्टोबर हीटचा ताण बसतो, पालवी पक्की, जून होते आणि मग रात्रीचा गारठा पडला की झाड मोहोर काढतं. पाऊस नोव्हेंबरपर्यंत रेंगाळला तर ताण कसला नि काय, झाड परत पालवीच काढत बसतं आणि सीझन गेला पुढे.

मोहोर आला म्हणजे सुटलो असंही नाही, त्यातली बरीचशी फुलं नर, त्यांना फळ धरतच नाही. त्यात ढगाळ हवा आली की तुडतुडे (मोहोराचा रस शोषणारी कीड), अवकाळी पडला की करपा (बुरशीचा रोग), आणि दरवेळी फवारणी, म्हणजे औषध, पेट्रोल, मजुरी, सगळं आधी खिशातून.

मला सगळ्यात विचित्र वाटतो तो पुनर्मोहोर. फेब्रुवारीत कैऱ्या वाटाण्याएवढ्या झाल्यात आणि थंडी परत वाढली, की झाड पुन्हा मोहोरतं, अन्नरस तिकडे वळतो आणि आधीच्या कैऱ्या टपाटप गळतात. म्हणजे जी थंडी डिसेंबरात हवी तीच इथे घात करते! दापोलीच्या कृषी विद्यापीठाने यावर जिबरेलिक ॲसिडची (झाडाच्या वाढीचं संप्रेरक) फवारणी सांगितलीय, पण ती वेळेत करायची तर थंडी कधी येणार ते आधी कळायला हवं ना.

पुढे मार्चच्या उन्हात फळ भाजतं, तापलेल्या जमिनीच्या धगीने साका होतो (वरून झकास, कापलं की आत पांढरट भुसभुशीत), म्हणून झाडाखाली गवत अंथरायला सांगतात.

एवढं करून मे महिना. 2021 ला तौक्ते वादळ ऐन तोडणीत आलं, 2025 ला मान्सून 25 मे लाच राज्यात दाखल, शेवटचा आंबा भिजला. निसर्ग वादळात, जून 2020 मध्ये, श्रीवर्धन-दापोलीकडे झाडंच मुळासकट गेली, आणि कलम लावून नीट उत्पन्न सुरू व्हायला कित्येक वर्षं जातात.

फळपीक विमा आहे, पण तो महसूल मंडळातल्या (म्हणजे काही गावं मिळून केलेल्या भागातल्या) हवामान केंद्राच्या आकड्यांवर मिळतो. पाऊस डोंगराच्या अलीकडे तुमच्या बागेत पडला आणि केंद्र पलीकडे कोरडं, तर कागदावर तुमचं नुकसान झालेलंच नसतं.