गलगंड आला कुठून आणि अजून उरला का

पुण्यात ‘मला थायरॉइड आहे’ हे वाक्य आता इतके रुळले आहे, की थायरॉइड हे रोगाचेच नाव वाटावे. थायरॉइड सगळ्यांनाच असते. कंठमण्याच्या खाली, श्वासनलिकेला बिलगून बसलेली फुलपाखराच्या आकाराची ही ग्रंथी मोठ्या माणसात साधारण १५ ते २५ ग्रॅम भरते. ती वाढली की त्याला गलगंड म्हणायचे. म्हणजे गलगंड हे आकाराचे नाव झाले. ग्रंथी का वाढली, ती काम जास्त करते आहे की कमी की व्यवस्थित, यातले काहीच त्या नावातून कळत नाही. मीठ बदलून टळणारा गलगंड वेगळा आणि मिठाशी काडीचा संबंध नसलेला वेगळा, हे उमजायला वैद्यकाला शेकडो वर्षे लागली.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात गलगंड आहे. गळ्याशी लोंबणारी सूज, लहान असो वा मोठी, असे त्याचे वर्णन आणि वात, कफ व मेद असे तीन प्रकार. त्याच अध्यायात ग्रंथी (इथे अर्थ साधी गाठ), अपची (गाठींची माळ) आणि अर्बुदही (मोठी, वाढत जाणारी गाठ) आहेत. गळ्यावरच्या सगळ्याच गाठी एक नव्हेत, हे तेव्हाच ओळखले गेले होते. आपल्या बोलण्यात मात्र गलगंड आणि गंडमाळ यांची अजून सरमिसळ होते. गंडमाळ म्हणजे मानेतल्या लिम्फ नोडच्या (जंतूंशी लढणाऱ्या लहान ग्रंथींच्या) गाठींची माळ, पुष्कळदा क्षयाची. दोन्हींतला फरक पेलाभर पाण्याने कळतो. मान जरा वर करून घोट गिळायला सांगायचे. गाठ घोटाबरोबर वर सरकून खाली आली तर ती बहुधा थायरॉइडची, कारण ही ग्रंथी स्वरयंत्राला आणि श्वासनलिकेला बांधलेली असते. लिम्फ नोड जागचे हलत नाहीत. जीभ बाहेर काढल्यावरही वर जाणारी मधोमधची गाठ बहुधा थायरोग्लॉसल सिस्ट असते, म्हणजे गर्भात थायरॉइड जिभेच्या मुळापासून खाली उतरते त्या वाटेवर उरलेली पाण्याची पिशवी. मग डॉक्टर पाठीमागे उभे राहून बोटांनी चाचपतात. ग्रंथीचा एक लोब (एका बाजूची पाकळी) रुग्णाच्या स्वतःच्या अंगठ्याच्या शेवटच्या पेरापेक्षा मोठा लागला, तर ग्रंथी वाढली असे धरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या श्रेणीही अशाच सोप्या आहेत: ० म्हणजे वाढ नाही, १ म्हणजे हाताला लागते पण मान सरळ असताना दिसत नाही, २ म्हणजे नुसती दिसते. शाळकरी वयाच्या ५ टक्के किंवा जास्त मुलांत गलगंड सापडला, तर तो त्या भागाचा सार्वजनिक प्रश्न समजतात.

कारणाचा पहिला धागा १८११ साली फ्रान्समध्ये हाती आला. बंदुकीच्या दारूसाठी सोरा करताना बर्नार कूर्त्वा यांना समुद्री शेवाळाच्या राखेतून जांभळी वाफ निघताना दिसली. ते आयोडीन होते. १८२० मध्ये जिनिव्हाच्या झाँ-फ्राँस्वा क्वांदे यांनी गलगंडावर आयोडीनचे थेंब दिले. गाठी बसल्या, पण काही रुग्ण झपाट्याने वाळले, त्यांची छाती धडधडू लागली. तो अनुभव आजही कामाचा आहे. वर्षानुवर्षे आयोडीन कमी पडून ग्रंथीत गाठी झालेल्या असतात, त्यांतल्या काही मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीचे ऐकेनाशा होतात. अशा ग्रंथीला एकदम भरपूर आयोडीन मिळाले की हार्मोनचा पूर येतो. म्हणून जुना गलगंड असलेल्याने सीटी स्कॅनचे आयोडीन असलेले कॉन्ट्रास्ट इंजेक्शन घेण्याआधी तसे सांगावे, आणि हृदयाच्या ठोक्यांसाठी अमियोडेरॉन सुरू होणार असेल तर आधी टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारे पिट्युटरीचे हार्मोन) तपासून घ्यावे. या औषधाच्या २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन असते. रोजची गरज असते ती ०.१५ मिलिग्रॅमची.

शस्त्रक्रियेचा धडा स्वित्झर्लंडमधल्या बर्नचे सर्जन थिओडोर कोखर यांनी दिला. संपूर्ण ग्रंथी काढलेले त्यांचे रुग्ण जगले खरे, पण पुढे मंद, सुजट, थंडगार झाले. १८८३ मध्ये त्यांनी हे स्वतःहून जाहीर केले. ग्रंथी शरीरासाठी काय करते हे त्यातूनच स्पष्ट झाले. १९०९ चे नोबेल त्यांना मिळाले. ग्रंथीतच आयोडीन असते हे १८९० च्या दशकात ऑयगेन बाउमान यांनी दाखवले, आणि १९१७ पासून अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी शाळकरी मुलींना आयोडीन देऊन मरीन व किंबॉल यांनी गलगंड टळतो हे सिद्ध केले. मिठात आयोडीन घालण्याची सुरुवात स्वित्झर्लंडने १९२२ मध्ये केली.

आपल्याकडचा पुरावा हिमाचलातल्या कांगडा खोऱ्याचा. १९५६ पासून व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोऱ्याचे तीन विभाग केले. दोन विभागांत आयोडीनयुक्त मीठ, एकात साधे. पाच-सहा वर्षांत आयोडीनवाल्या दोन्ही विभागांतला गलगंड निम्म्यावर आला, तिसऱ्यात होता तसाच राहिला. मग तिथेही तेच मीठ सुरू झाले. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम आला, पण तो हिमालयाच्या पट्ट्यापुरता. पाऊस, बर्फ आणि पूर वरची माती धुऊन नेतात, तिच्याबरोबर आयोडीन जाते, म्हणून हा डोंगरातला आजार, अशी समजूत होती. पुढच्या पाहण्यांनी ती मोडली. देशभर तपासलेल्या ४१४ जिल्ह्यांपैकी ३३७ जिल्ह्यांत प्रमाण ५ टक्क्यांच्या वर निघाले. गलगंड डोळ्यांना दिसतो म्हणून त्याची मोजदाद होते; आयोडीन कमी पडल्याचा खरा घाव गर्भातल्या बाळाच्या मेंदूवर बसतो. त्यामुळेच १९९२ मध्ये कार्यक्रमाचे नावही बदलले. बिनआयोडीनच्या खाण्याच्या मिठावर १९९८ मध्ये आलेली बंदी २००० मध्ये उठवली गेली आणि मे २००६ मध्ये पुन्हा आली. मधली वर्षे फुकट घालवली, असेच म्हणावे लागते.

आकडे समजून घेण्यासारखे आहेत. कारखान्यात मिठात ३० पीपीएम (दहा लाख भागांत ३० भाग) आयोडीन हवे, असा दंडक बरीच वर्षे होता; घरी पोचेपर्यंत किमान १५. निम्मे वाटेत जाणार हे त्यात धरलेलेच होते. १५ पीपीएम म्हणजे ग्रॅमला १५ मायक्रोग्रॅम, दिवसाला १० ग्रॅम मीठ पोटात गेले तर १५० मायक्रोग्रॅम. मोठ्या माणसाची गरज तेवढीच. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईची २५०. रक्तदाबामुळे मीठ ५ ग्रॅमवर आणले तर पुडा ताजा आणि बरणी घट्ट झाकणाची हवी. शेगडीशेजारी उघड्या वाडग्यात ठेवलेल्या मिठातले आयोडीन पावसाळ्याच्या ओलीत उडते.

समुद्राचे मीठ म्हणजे आयोडीन आलेच, हा गैरसमज पुण्यात जुना आहे. उरण-पेणच्या मिठागरांतले खडेमीठ घाट चढून इथे पिढ्यान्‌पिढ्या येत आले. पण पाण्यातले आयोडीन मीठ जमताना बहुतेक मागेच राहते. उपासाच्या शेंदेलोणात आणि पादेलोणातही ते नगण्य असते. उपासापुरते शेंदेलोण ठीक आहे, पण ‘नैसर्गिक’ म्हणून बारा महिने तेच वापरणाऱ्या घरात, विशेषतः दिवस गेलेल्या सुनेच्या ताटात, ते नको. बाजरीतली आणि कोबी-फ्लॉवरमधली द्रव्ये थायरॉइडच्या कामात अडथळा आणतात, हे खरे. पण आयोडीन पुरेसे मिळत असेल तर शिरूर-बारामतीकडची बाजरीची भाकरी सोडायचे काही कारण नाही.

मीठ सुधारल्यावर उरलेला गलगंड मुख्यतः वेगळ्या घरचा आहे. आयोडीन कमी पडले की पिट्युटरी टीएसएच वाढवते आणि ग्रंथी आधी मऊ, एकसारखी फुगते, मग वर्षांनी गाठाळते. हाशिमोतोच्या आजारात शरीराच्याच रोगप्रतिकारक पेशी ग्रंथीत शिरतात. ती रबरासारखी घट्ट लागते, रक्तात थायरॉइडवरच उलटलेल्या टीपीओ अँटिबॉडी सापडतात आणि काम मंदावते. १९१२ मध्ये हाकारू हाशिमोतो यांनी हे वर्णन केले. ग्रेव्हजच्या आजारात अँटिबॉडी टीएसएचची नक्कल करून ग्रंथीला पळवतात: वजन घटते, हात थरथरतात, काहींचे डोळे बाहेर येतात. विषाणूच्या तापानंतर कानापर्यंत कळ मारणारी दुखरी सूज बहुधा सबअ‍ॅक्यूट थायरॉइडायटिसची (ग्रंथीच्या दाहाची). या तिन्हींवर जास्त आयोडीन हा उपाय नाही.

एकच गाठ असेल तर आधी टीएसएच आणि सोनोग्राफी. टीएसएच कमी असेल तर आयसोटोप स्कॅन (किरणोत्सारी द्रव्य देऊन काढलेले ग्रंथीचे चित्र), नाहीतर सोनोग्राफीवरून ठरवून बारीक सुईने पेशींची तपासणी. बहुतेक गाठी साध्याच निघतात. पण दगडासारखी कडक, आठवड्यांत वाढलेली किंवा आवाज घोगरा करणारी गाठ थांबवून ठेवू नये. गलगंड छातीत उतरला असेल तर गळ्यावर तो लहानच दिसतो. त्यासाठी पेंबर्टन यांनी १९४६ मध्ये सांगितलेली युक्ती अजून वापरतात: दोन्ही हात कानांना टेकतील असे वर धरायचे, मिनिटभर. चेहरा लालबुंद होऊन श्वास कोंडू लागला, तर ग्रंथी छातीच्या हाडामागे शिरा दाबते आहे.