घोडीचा माज व त्या काळातील व्यवस्थापन

घोडी नराला जवळ येऊ देते तो काळ म्हणजे माज. गाय वर्षभर माजावर येऊ शकते. घोडीचा माज मात्र दिवसमानाशी बांधलेला असतो. उजेड वाढला की मेंदूतील पिनिअल ग्रंथीतून येणाऱ्या मेलाटोनिन या संप्रेरकाचा स्राव घटतो आणि अंडाशयांचे काम सुरू होते. उत्तर गोलार्धात साधारण एप्रिल ते सप्टेंबर हा मुख्य हंगाम. विषुववृत्ताच्या जवळ हा फरक बोथट होतो व काही घोड्या बाराही महिने माजावर येतात. सारंगखेड्याचा घोडेबाजार दत्तजयंतीच्या सुमारास, म्हणजे लहान दिवसांत भरतो. तिथे शांत वाटलेल्या घोडीचे माजातले वागणे खरेदीदाराला पुढे उन्हाळ्याच्या तोंडावरच कळू शकते.

एक ऋतुचक्र सुमारे 21 ते 22 दिवसांचे असते. त्यात 5 ते 7 दिवस माज, उरलेले दिवस पीतपिंडातून (अंडे सुटल्यावर अंडाशयात बनणाऱ्या गाठीतून) स्रवणाऱ्या, माज दाबून ठेवणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचा अंमल. अंडमोचन, म्हणजे अंडाशयातून अंडे सुटणे, बहुधा माज संपण्यापूर्वी 24 ते 48 तासांत होते.

माजावरची घोडी शेपूट उचलते, मागचे पाय फाकवून खाली दबते, थोडी थोडी लघवी करते, योनिमुखाची उघडझाप करते. कामात तिचे लक्ष लागत नाही. चावणे, लाथा झाडणे, कान मागे पाडणे याचे खापर मात्र उगाच माजावर फुटते. नर जवळ येताच किंचाळून लाथ मारते ती बहुधा माजावर नसलेली घोडी. म्हणूनच पैदास केंद्रात अडसरापलीकडून नर दाखवून माज ओळखतात. घाबरलेली, कळपात दबून राहणारी घोडीही लघवी टाकते आणि तिला माजावर असल्याचे समजले जाते.

सर्वाधिक तक्रारी हंगामाच्या सुरुवातीच्या असतात. तेव्हा अंडाशयात पुटके (अंडे असलेल्या द्रवाच्या पिशव्या) वाढतात पण फुटत नाहीत. पीतपिंड तयार होत नाही, प्रोजेस्टेरॉन नाही, आणि माज अनियमितपणे आठवडेच्या आठवडे रेंगाळतो. पैदाशीसाठी हा काळ लवकर उरकायचा तर तबेल्यात दिवे लावून रोज सुमारे 16 तास उजेड देतात. परिणाम दिसायला 8 ते 10 आठवडे लागतात. उत्तर गोलार्धात थरोब्रेड शिंगराचे वय 1 जानेवारीपासून मोजतात, त्यामुळे शर्यतीच्या घोड्यांच्या पैदाशीत ही घाई अधिक.

औषधाआधी वही हवी. दोन-तीन चक्रे वागणुकीची रोज नोंद ठेवून ती सोनोग्राफीशी ताडून पाहावी. मेळ बसला नाही तर पोटातील व्रण, पाठदुखी, न बसणारे खोगीर, लंगडेपणा, मूत्रमार्गाचा दाह ही कारणे तपासावीत. तंग आवळताना चावणारी घोडी अनेकदा दुखण्याबद्दलच सांगत असते. घोडी नरासारखी वागू लागली, किंवा माज सतत राहिला वा अजिबात बंद झाला, तर अंडाशयातील ग्रॅन्युलोसा पेशींच्या (पुटकांना आतून अस्तर करणाऱ्या पेशींच्या) गाठीची शंका घ्यावी. अशा वेळी एक अंडाशय मोठा व दुसरा आक्रसलेला आढळतो. गाठीचा अंडाशय काढणे हा उपाय.

माज खरोखरच अडचणीचा असेल तर तोंडावाटे रोज दिले जाणारे अल्ट्रेनोजेस्ट (प्रोजेस्टेरॉनसारखे काम करणारे कृत्रिम औषध) हा सर्वांत भरवशाचा मार्ग. दोन-तीन दिवसांत माज थांबतो. हे औषध माणसाच्या कातडीतून शोषले जाते. हातमोजे लागतातच आणि गर्भवती स्त्रीने त्याला हात लावू नये. मोतद्दाराला हे सांगायचे बहुतेक राहून जाते. स्पर्धेतील घोडीसाठी संबंधित संस्थेचे नियम आधी पाहावेत. अंडमोचनानंतर सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत रोज ऑक्सिटोसिन हे संप्रेरक टोचल्यास बऱ्याच घोड्यांत पीतपिंड जास्त दिवस टिकतो व पुढचा माज टळतो. माज टाळण्यासाठी गर्भाशयात 35 मिलिमीटरची काचेची गोटी ठेवण्याची पद्धत एकेकाळी लोकप्रिय होती. ती निम्म्याहून कमी घोड्यांत लागू पडते, शिवाय गोटी फुटल्याची आणि गर्भाशयात पू झाल्याची उदाहरणे आहेत. ती टाळलेलीच बरी.

दोन्ही अंडाशय काढले की प्रश्न मिटला, हा समजही अर्धाच खरा. प्रोजेस्टेरॉनचा लगाम त्याबरोबरच जातो, आणि मूत्रपिंडांजवळच्या अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथींतील संप्रेरकांमुळे काही घोड्या पुढेही, तेही कुठल्याही ऋतूत, माजाची लक्षणे दाखवतात. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी अल्ट्रेनोजेस्ट देऊन वागणे खरेच सुधारते का, ते पाहतात.