घरच्या कंदिलाला वेळ कुठून मिळाला

दिवाळी तोंडावर आली की आकाशकंदिलाच्या निमित्ताने दोन वाक्यं हमखास कानावर येतात. घरी कंदील बांधायची आपली शेकडो वर्षांची परंपरा आहे, हे एक. आणि हल्ली कुणाकडे वेळच नाही, हे दुसरं. पहिलं निम्मंच खरं आहे. दुसऱ्यात ‘हल्ली’ हा शब्द चुकीचा आहे, कारण बहुतेक घरांकडे असा वेळ पूर्वीही नव्हता. तो मिळवावा लागला.

जुना आहे तो आकाशदिवा. कमलाकरभट्टांनी १६१२ मध्ये काशीत ‘निर्णयसिंधु’ हा धर्मशास्त्राचा ग्रंथ लिहिला, त्यात कार्तिकातल्या आकाशदीपाचा विधी येतो. भट्टांचं घराणं मूळचं पैठणचं, त्यामुळे काशीतला हा ग्रंथ महाराष्ट्रात परका नव्हता. उंच काठीच्या टोकाला तेलाचा दिवा लावून तो देवाला आणि पितरांना अर्पण करायचा, असं हे व्रत. काशीच्या पंचगंगा घाटावर आजही कार्तिकात बांबूंवर वेताच्या टोपल्या चढवतात आणि त्यांत दिवे तेवतात. या विधीत रंगीत कागद नाही, करंज्या-झिरमिळ्या नाहीत आणि गुडघ्यावर कात्री घेऊन बसलेली मुलंही नाहीत. व्रत करणारा एक, दिवा एक.

त्या दिव्याला कागदाचं घर मिळायचं तर आधी कागद स्वस्त व्हायला हवा. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात शतकानुशतकं हातकागद बनत होता, पण तो दफ्तरांसाठी आणि पोथ्यांसाठी. असा कागद पोरांच्या हातात कापायला कोण देणार? गिरणीचा कागद आला तसं चित्र बदलत गेलं. मुंढव्याची डेक्कन पेपर मिल १८८५ ची. पतंगी, घोटीव असे पातळ रंगीत कागद किराणा दुकानात सुटे मिळू लागले तेव्हा कुठे सामान्य घराला ही चैन परवडली. उजेडाचंही तसंच. पणती ठेवलेल्या कागदी कंदिलापाशी कुणीतरी जागं राहावं लागे, वाऱ्याची झुळूक आली की जीव टांगणीला. मुंबईत १९०५ पासून वीज मिळू लागली, १९१५ मध्ये खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं, आणि पुढे ती घराघरांत पोचली तसा कंदील रात्रभर निर्धास्त टांगता येऊ लागला.

कागद आणि बल्ब पैसे टाकून आणता येतात. संध्याकाळ कुठून आणणार?

मुंबईच्या कापडगिरण्यांत एकोणिसाव्या शतकात सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चाले आणि आठवड्याची हक्काची सुटी नव्हती. कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी ती मागितली, सभा घेतल्या, अर्ज केले. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. रविवार खंडोबाचाही वार, त्यामुळे कामगारांना तो आपलाच वाटला. कामाचे तास मात्र फार सावकाश उतरले. १९११ च्या कायद्याने कापडगिरणीतल्या पुरुषांना दिवसाला १२ तासांची मर्यादा घातली, १९२२ मध्ये ती ११ तास आणि आठवड्याला ६० तास झाली, १९३४ मध्ये १० आणि ५४, आणि १९४८ च्या कारखाने कायद्यात आठवड्याचे ४८ तास ठरले. लोखंड्यांनी सुटी कंदिलासाठी मागितली नव्हती, हे उघड आहे. पण बाप उजेड असताना घरी असेल, मुलांशेजारी बसून दोरा आवळेल, ही गोष्ट आपोआप घडलेली नाही. लालबाग-परळच्या चाळींत सगळ्या खोल्यांपुढे एकसारखे कंदील लागत, त्याचं कौतुक करताना या आकड्यांकडेही एकदा पाहावं. गॅलरी सामाईक होती, आणि निदान सणाला सुटीही सामाईक होती.

बायकांच्या वेळेचा हिशोब वेगळा. हातकाम त्यांच्या दिवसातून कधी गेलंच नव्हतं. वाती वळणं, कापसाची वस्त्रं करणं, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवणं हे सगळं कामांच्या फटीत बसवलेलं असे. पहाटेचं दळण पिठाच्या गिरणीकडे गेलं आणि पाणी नळाला आलं, तेव्हा त्यांचे काही तास सुटले. तरीही घरचा कंदील म्हटला की वडील, काका आणि मुलंच आठवतात. कारण साधं आहे, बायका त्या वेळी चकलीच्या सोऱ्याशी होत्या. कंदिलाचा कागद चिकटवायची खळ मात्र त्याच चुलीवर शिजायची. या आठवणींचा गोडवा लिहिताना हे फारसं कुणी लिहीत नाही.

मुलांकडे वेळ आला तो शाळेमुळे. सहामाही परीक्षा संपली की दिवाळीची सुटी, हे वेळापत्रक कंदिलाला आणि अंगणातल्या मातीच्या किल्ल्याला अगदी सोयीचं ठरलं. शाळेने पुढे हातकामाला अभ्यासक्रमातही जागा दिली. १९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली. त्यातून ‘कार्यानुभव’ हा तास आला आणि आकाशकंदील त्यातला ठरलेला पाहुणा झाला. तासाने कंदील शिकवला, हे खरं. पण गुण मिळायला लागल्यावर तो आदल्या रात्री आईने पुरा करून द्यायचा नमुनाही झाला, हेही खरं.

मग या उद्योगात असं काय आहे की एवढ्या खटपटीनंतर माणसं त्यात रमली? मला वाटतं, उत्तर त्याच्या बांधणीतच आहे. आपला ओळखीचा पारंपरिक कंदील घ्या. बांबूच्या एकसारख्या लांबीच्या २४ कामट्या लागतात. चार चौकोन कोनावर उभे करायचे आणि कोपऱ्याला कोपरा बांधून त्यांचं कडं करायचं. वरची चार टोकं जोडली की वर एक चौकोन तयार होतो, खालची जोडली की खाली एक. सहा चौकोन झाले, आणि त्यांच्या मधे न बांधता आठ त्रिकोण आपोआप मिळतात. वरचा चौकोन उघडा ठेवायचा, उष्णता तिथून निघून जाते. खालच्याला शेपट्या लावायच्या.

कागदावर सोपं वाटतं, पण कामटी कोयत्याने तासावी लागते, तिची कुसं काढावी लागतात, नाहीतर बोटात जातात. पुण्यात बुरूड आळीतून कामट्या आणणारे हे एक काम टाळायचे. बांधताना तर एका माणसाचं चालतच नाही. दोन टोकं धरायला दोन हात, दोरा आवळायला आणखी दोन. एक कामटी अर्ध्या बोटाने आखूड निघाली तर सांगाडा एका अंगाला कलतो आणि दोष कुणाचा यावर घरात सभा भरते. मोजायचं काम हिशोबी माणसाकडे, खळ पातळ की घट्ट हे आजीने सांगायचं, झालर कापायला सात-आठ वर्षांचं पोर चालतं, आणि त्याहून लहान असेल ते खळीत हात घालायला येतंच. प्रत्येक वयाला करण्याजोगं काही निघतं आणि सगळ्यांना एका सतरंजीवर बसावं लागतं. पत्त्यांचा डाव सोडला तर घरात असं दुसरं फारसं काही नसतं. खळ वाळेपर्यंत थांबावं लागतं, तेव्हा गप्पा होतात. ओल्या कागदावर पुढचा कागद चिकटवला की तो फाटतो, म्हणून घाई करताच येत नाही.

तयार कंदिलांचा बाजारही जुना आहे. माहीमच्या कंदील गल्लीत कितीतरी घरांनी पिढ्यान्‌पिढ्या हाताने कंदील बांधून विकले, त्यामुळे विकतचा म्हणजे यंत्राचा असं समीकरण मांडता येत नाही. खरा फरक पडला तो घडी करून ठेवता येणाऱ्या प्लॅस्टिकच्या कंदिलांनी. तो एकदा आणला की चार दिवाळ्या माळ्यावरून काढून लावता येतो. म्हणजे तो करण्याचाच नव्हे, तर दरवर्षी कंदिलाचा विचार करण्याचाही वेळ वाचवतो. २०१८ मध्ये राज्याने प्लॅस्टिकवर निर्बंध आणले, त्यात सजावटीचा थर्माकोलही आला. त्याचा परिणाम गणपतीच्या मखरांवर जास्त दिसला, कंदिलावर कमी.

गेल्या काही वर्षांत कंदिलाच्या कार्यशाळा भरतात आणि बांधलेला सांगाडाही विकत मिळतो. घरी फक्त कागद चिकटवायचा. जुन्या खोडांना हे पटत नाही. मला ते वाईट वाटत नाही, कामट्या तासायला तरी सगळ्यांच्या घरी कुठे कोयता होता? अडचण दुसरीकडे आहे. दहावीच्या मुलांचे दिवाळीच्या सुटीतले जादा वर्ग नेमके वसुबारसेपर्यंत चालतात, आणि घरातल्या निम्म्या लोकांची साप्ताहिक सुटी आता रविवारी नसते.