ब्राउझर अपडेट होईना? आधी कोपऱ्यातलं घड्याळ बघा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझ्या मामांचं लेथचं वर्कशॉप आहे. परवा सकाळी त्यांचा फोन आला, मागं मशीनचा आवाज आणि त्यावरनं ओरडून बोलणं, "अरे ते गोल नुसतं फिरतंय बघ, मग लाल अक्षरात कायतरी येतंय, बँकेचं पान पण उघडंना झालंय, आज पार्टीला पैसे सोडायचेत." तिथल्या पोरानं ब्राउझर, म्हणजे नेटवरची पानं उघडणारा क्रोमसारखा प्रोग्राम, काढून पेनड्राइव्हवरनं परत टाकून बघितला होता, अँटीव्हायरस बंद करून बघितला होता, राउटर तर चारदा चालू-बंद केला होता, पण अपडेट काय व्हायला तयार नाही.

मी गेलो आणि स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात बघितलं तर तारीख १ जानेवारी २०१५. ज्या विंडोज १० वर ते कॉम्प्युटर चालत होतं ती विंडोजच मुळात जुलै २०१५ ला बाजारात आली. म्हणजे कॉम्प्युटर स्वतःच्या विंडोजच्या जन्माआधी जाऊन बसलेला!

आता तारखेचा आणि अपडेटचा काय संबंध, असं मामांनीही विचारलं आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणात हाच प्रश्न महत्त्वाचा आहे. अपडेट घ्यायला ब्राउझर कंपनीच्या सर्व्हरकडं, म्हणजे नेटवरच्या त्यांच्या कॉम्प्युटरकडं, जातो तेव्हा आधी समोरचा खरंच तोच आहे का याची खात्री करून घेतो. सर्व्हर त्याला सर्टिफिकेट दाखवतो, ते एक प्रकारचं ओळखपत्र, आणि त्यावर कधीपासून कधीपर्यंत चालेल त्या दोन तारखा असतात. आता आपल्या कॉम्प्युटरला वाटतंय की आज २०१५ चालू आहे, तर या वर्षी काढलेलं ओळखपत्र त्याला अजून सुरूच न झालेलं दिसणार, मग तो म्हणतो हे मला मान्य नाही आणि बोलणंच थांबवतो. बँकेचं पान न उघडण्याचं कारणही हेच, दोन्ही रोग एकाच मुळाचे. ही सर्टिफिकेटं पूर्वी काही वर्षांसाठी मिळायची, सप्टेंबर २०२० पासून मुदत जास्तीत जास्त ३९८ दिवसांवर आली आणि २०२९ पर्यंत ती टप्प्याटप्प्यानं ४७ दिवसांवर आणायचं ठरलंय. म्हणजे आज घड्याळ दोन-तीन महिने चुकलं तर एखादी साइट चालून जाते, तेवढी सूट पुढं मिळणार नाही.

तारीख हातानं नीट केली, ऑटोमॅटिक टाइमचं बटण कुणीतरी बंद केलेलं ते चालू केलं, आणि अपडेट सुरू झालं. फाइल उतरल्यावरही ब्राउझर डोळे झाकून ती बसवत नाही, फाइलचा हॅश काढतो, म्हणजे अख्ख्या फाइलवर गणित करून एक ठरावीक लांबीचा आकडा, आणि तो कंपनीनं दिलेल्या आकड्याशी ताडून बघतो. फाइलमधला एक बिट, म्हणजे एखादा शून्य किंवा एक, जरी इकडचा तिकडं झाला तरी आकडा पार बदलतो. मामांना मी म्हणलं, तुमचा जॉबचं माप बरोबर की चूक एवढंच सांगणारा गो नो-गो गेज असतो ना तसंच, बसला तर बसला, नाहीतर घासाघीस नाही. "म्हणजे जॉब रिजेक्ट," ते म्हणले, आणि त्यांना ते माझ्यापेक्षा चांगलं कळलं होतं. नेट मधेच तुटलं, डिस्क भरलेली असली, तर अपडेट अडकतं ते इथं.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत फोन. परत २०१५.

मग कॅबिनेट उघडलं. मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किटच्या पाटीवर, रुपयाच्या नाण्यासारखा एक गोल सेल असतो, सीआर२०३२, त्याच्या नावातच त्याचं माप आहे, २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. ३ व्होल्टचा हा सेल कॉम्प्युटर बंद असताना आतलं घड्याळ चालू ठेवतो. त्या घड्याळात क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, हा आकडा म्हणजे २ चा पंधरावा घात, म्हणून सर्किट त्याला पंधरा वेळा निम्मं करत जातं आणि शेवटी बरोबर एक ठोका उरतो, तो एक सेकंद. मनगटी घड्याळातही हीच युक्ती, मला ती अजून आश्चर्याची वाटते. बटण चालू असलं की घड्याळाला वीज भिंतीवरनं मिळते आणि सेल फारसा खर्च होत नाही, पण वळवाच्या विजांना भिऊन मामा रोज रात्री मेन बटणच बंद करतात, त्यामुळं रात्रभर सगळा भार सेलवर, तो संपला आणि तारीख मागं गेली. मामांची चूक नाही, विजेनं मदरबोर्ड जळण्यापेक्षा सेल बदलणं कधीही परवडलं. महाद्वार रोडला घड्याळाच्या दुकानात सेल मिळाला, बसवला, काम झालं.

आता सगळ्यांचंच दुखणं घड्याळाचं नसतं. शिवाजी विद्यापीठात शिकणारी माझी मावसबहीण लॅपटॉप कधी बंदच करत नाही, नुसतं झाकण मिटवते, तिचं अपडेट उतरून कधीचं तयार होतं पण विंडोज चालू असलेल्या प्रोग्रामची फाइल बदलू देत नाही, म्हणून क्रोम नवी फाइल जुनीच्या शेजारी ठेवून वाट बघत बसतो आणि सगळ्या खिडक्या बंद करून परत उघडल्यावरच अदलाबदल करतो. आणि विंडोज ७ किंवा ८ असेल तर मात्र खटपट सोडा, क्रोमची १०९ ही तिथली शेवटची आवृत्ती, फेब्रुवारी २०२३ ला आलेली ११० विंडोज १० च्या खाली चालतच नाही. मशीनच्या सॉफ्टवेअरसाठी असला जुना कॉम्प्युटर ठेवायचा तर ठेवा, पण त्याच्यावर बँक उघडू नका.

हे मी एवढं कळकळीनं का सांगतोय, तर सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी प्रकारचे फोटो उघडणाऱ्या कोडमध्ये एक भोक सापडलं होतं, मुद्दाम बनवलेला फोटो पानावर नुसता दिसला तरी हल्लेखोराला आत शिरायची वाट मिळू शकत होती, आणि तेच कोड क्रोम, फायरफॉक्स, एज या सगळ्या ब्राउझरांत होतं. दुरुस्ती लगेच आली. पण दुरुस्ती जाहीर झाली की भोक कुठं होतं तेही जगाला कळतं, त्यामुळं अपडेट न केलेला माणूस आधीपेक्षा जास्त उघड्यावर पडतो. आणि कुठल्यातरी पानावर "तुमचा ब्राउझर जुना झालाय, इथं दाबा" असं आलं तर अजिबात दाबू नका, बऱ्याचदा तेच व्हायरस असतं, खरं अपडेट ब्राउझरच्या मेनूत हेल्प आणि मग अबाउट इथंच बघायचं.

मामांनी जुना सेल फेकायच्या आधी हातात घेऊन मायक्रोमीटरनं मोजला, ३.२ भरला. मग कॅबिनेटवर मार्करनं नव्या सेलची तारीख लिहिली, गेजवर लिहितात तशी.