टकरीतली रिकामी पट्टी आणि कणांची वंशावळ

गेल्या पितृपक्षात मावसभावासोबत रामकुंडावर गेलो होतो. तीर्थोपाध्यायांनी गाव-आडनाव विचारलं, कापडात बांधलेली नामावळीची वही सोडली आणि त्याच्या खापरपणजोबांचा मोडीतला लेख समोर ठेवला. त्या एका नावातून फुटलेल्या शाखा आज चार जिल्ह्यांत आहेत. कणभौतिकीतलं विवर्तन समजून घेताना मला ती वही आठवते.

काळ्या चकतीच्या कडेशी प्रकाश वळतो, ते विवर्तन. वेगवान कणासमोर प्रोटॉनही अशीच चकती ठरतो. यात येणारा कण फुटेल आणि समोरचा शाबूत राहील, अशी शक्यता फाइनबर्ग आणि पोमेरान्चुक या भौतिकशास्त्रज्ञांनी १९५६ मध्ये मांडली. १९६० मध्ये गुड आणि वॉकर यांनी त्याचं गणित दिलं आणि माझ्या मते खरं वळण तेच. कण म्हणजे अनेक अवस्थांचं मिश्रण. काही अवस्था जास्त शोषल्या जातात, काही कमी. सगळ्या सारख्याच शोषल्या गेल्या, तर मिश्रण तेच राहतं आणि कण फुटत नाही. शोषणात जितका कमी-जास्तपणा, तितकं फुटणं अधिक. संख्याशास्त्रात याला प्रचरण म्हणतात. म्हणजे कण किती फुटेल, हे सरासरीवर नाही, चढउतारांवर ठरतं!

पुढे हॅम्बुर्गच्या हेरा यंत्रात इलेक्ट्रॉन प्रोटॉनवर आदळू लागले. एवढ्या जोरदार टकरीत प्रोटॉनच्या चिंधड्या उडायला हव्यात. पण १९९३ मध्ये तिथल्या झ्यूस या प्रयोगगटाला अशा घटना दिसल्या, ज्यांत प्रोटॉनची दिशा आणि बाकीचे कण यांच्यामध्ये रुंद पट्टी पूर्ण रिकामी होती. म्हणजे प्रोटॉन शाबूत राहिल्याची, विवर्तनाची खूण. शंभरात दहाच्या आसपास टकरी अशा निघाल्या.

दरम्यान भौतिकशास्त्रज्ञ म्युलर यांनी आदळणाऱ्या कणाचं क्वार्क-प्रतिक्वार्क (प्रोटॉनसारखे कण ज्यांचे बनतात ते क्वार्क आणि त्यांची विरुद्ध जोडीदार) जोडीचं चित्र मांडलं: एका जोडीतून ग्लुऑन, म्हणजे क्वार्कांना बांधणारा कण, सुटला की दोन जोड्या होतात, त्यांच्याही पुन्हा. प्रत्येक फूट संभाव्यतेने होते. २००३ मध्ये म्युनिए आणि पेशान्स्की यांनी दाखवलं, की या वाढीचं समीकरण फिशर आणि कोल्मोगोरोव्ह यांच्या १९३७ च्या समीकरणांच्या जातीचं आहे. लोकसंख्येत एखादं जनुक कसं पसरतं, याची ती समीकरणं.

मग वंशावळ आलीच. २०१८ मध्ये म्युलर आणि म्युनिए यांनी इलेक्ट्रॉनच्या अणुकेंद्रावरच्या टकरी घेतल्या. जोड्यांच्या असंख्य शाखांपैकी अणुकेंद्राशी भिडतात त्या मोजक्याच. त्यांचा सर्वांत अलीकडचा सामाईक पूर्वज कुठे फुटला याची संभाव्यता आणि रिकाम्या पट्टीच्या रुंदीची संभाव्यता, एका स्थिर गुणकाचा फरक सोडला तर, एकाच सूत्रात बसली.