तापल्यावर बंद पडणारे इंजिन: दोष पेट्रोलचा की कॉइलचा?

कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) आणि डिस्ट्रिब्यूटर (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटून देणारा भाग) असलेल्या जुन्या फोर-बाय-फोर गाड्यांबाबत एक तक्रार वारंवार ऐकू येते. थंड इंजिन पहिल्याच सेल्फला सुरू होते, अर्धा-पाऊण तास गाडी सुरळीत चालते, आणि मग चढावर किंवा लो रेंजमध्ये (जास्त जोराच्या, संथ गिअरमध्ये) सावकाश जात असताना इंजिन मिसिंग करू लागते व बंद पडते. त्यानंतर कितीही सेल्फ मारला तरी ते दाद देत नाही, मात्र बोनेट उघडून थोडा वेळ थांबले की निमूटपणे सुरू होते. ही लक्षणे दोन अगदी वेगळ्या दोषांची असू शकतात. पेट्रोलची नळीत किंवा पंपात वाफ होऊन पुरवठा तुटला, म्हणजे व्हेपर लॉक झाला, तरी असेच घडते. आणि बॅटरीच्या कमी व्होल्टेजपासून ठिणगीसाठी मोठा व्होल्टेज तयार करणाऱ्या इग्निशन कॉइलने तापून ठिणगी देणे थांबवले तरी असेच घडते. दोन्ही दोष उष्णतेने उद्भवतात आणि थंड झाल्यावर आपोआप नाहीसे होतात, त्यामुळे गाडी गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत कोणताच पुरावा शिल्लक राहत नाही. म्हणून माझे ठाम मत असे आहे की या तक्रारीचे निदान इंजिन बंद पडल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत, जागेवरच व्हायला हवे. एकदा इंजिन निवले की पुढे फक्त अंदाजाने सुटे भाग बदलणे उरते.

पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण असते आणि त्यातले सर्वांत हलके घटक साधारण ३५ ते ४० अंश सेल्सिअसलाच उकळू लागतात. जुन्या गाड्यांत डायफ्रॅमचा फ्युएल पंप इंजिनच्या अंगालाच बसवलेला असतो आणि तो मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून घेतो. ओढणाऱ्या बाजूच्या नळीत दाब वातावरणाहून कमी असल्यामुळे तिथले पेट्रोल आणखी लवकर उकळते, आणि एकदा पंपात वाफ शिरली की डायफ्रॅम हलत राहिला तरी वाफ नुसती दाबली जाते व पुन्हा फुगते. पेट्रोल पुढे सरकत नाही. खडकाळ वाटेवरची संथ चाल याला सर्वांत पोषक ठरते, कारण इंजिनवर भार बराच असतो, रेडिएटरला समोरून वारा मिळत नाही, आणि पेट्रोल हळूहळू खर्च होत असल्याने ते तापलेल्या नळीत जास्त वेळ रेंगाळते. उंच प्रदेशात हवेचा दाब कमी असल्याने ही प्रवृत्ती वाढते. इथेनॉलचे थोडे प्रमाण मिसळलेले पेट्रोलही शुद्ध पेट्रोलपेक्षा काहीसे लवकर वाफाळते.

कॉइलची गोष्ट वेगळी आहे. तिच्या आत जाड तारेचे थोडे (प्रायमरी) आणि अतिशय बारीक तारेचे हजारो (सेकंडरी) वेढे असतात, आणि त्या बारीक वेढ्यांमधले इन्सुलेशन वर्षानुवर्षांच्या उष्णतेने व हादऱ्यांनी कमजोर होत जाते. थंड असताना ते कसेबसे टिकते. तापल्यावर मात्र आतल्या आत वेढे शॉर्ट होतात आणि प्लगपर्यंत पुरेसा व्होल्टेज पोहोचत नाही. शिवाय तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे कॉइल ६० अंशांनी तापली तर रोध जवळजवळ पाव पटीने वाढतो आणि मुळात दुबळी असलेली ठिणगी आणखी दुबळी होते. इथे एक चूक फार आढळते, ती सांगायलाच हवी. बॅलास्ट रेझिस्टरसोबत (कॉइलमधला प्रवाह मर्यादित ठेवणारा वेगळा रोध) वापरायची सुमारे दीड ओहमची कॉइल बॅलास्टशिवाय जोडली, तर पॉइंट (डिस्ट्रिब्यूटरमधले, कॉइलचा प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क) मिटलेले असताना प्रवाह साधारण ४ ॲम्पियरऐवजी ८ ॲम्पियर होतो आणि कॉइलमध्ये निर्माण होणारी उष्णता चौपट होते. अशी कॉइल नवी असली तरी काही काळात गरम होऊन बंद पडू लागते, आणि मालक मात्र ‘कॉइल तर नवीच आहे’ म्हणून तिच्यावर संशय घेत नाही.

इंजिन कसे बंद पडले, याकडे नीट लक्ष दिले तर पहिला धागा तिथेच सापडतो. पेट्रोल कमी पडू लागले की इंजिन आधी दम सोडते: ॲक्सिलरेटर दाबला तरी जोर येत नाही, मध्येच थोडा जोर येतो आणि पुन्हा ओसरतो, कार्बोरेटरमधून फटकन आवाज येतो, आणि मग ते विझते. ठिणगी गेली तर बहुधा किल्ली फिरवून बंद केल्यासारखे ते एका क्षणात थांबते, किंवा त्याआधी सायलेन्सरमध्ये फटाके फुटतात, कारण न जळलेले मिश्रण तिथे जाऊन पेट घेते. मात्र या फरकावर पूर्ण विसंबू नये. थकलेली कॉइल प्रथम भाराखाली मिसिंग करते, कारण सिलिंडरमधला दाब वाढला की ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतो, आणि ते मिसिंग पेट्रोलच्या तुटवड्यासारखेच भासते. गाडीत कॉइलच्या प्रायमरी बाजूवरून चालणारा आरपीएम मीटर असेल तर त्याचा काटा जास्त विश्वासार्ह साक्ष देतो. गाडी गिअरमध्ये असून चाकांमुळे इंजिन अजून फिरत आहे, आणि तरीही काटा धाडकन शून्यावर आला, तर प्रायमरी बाजूचा विद्युतप्रवाहच तुटला आहे. काटा इंजिनच्या वेगाप्रमाणे हळूहळू खाली आला, तर पॉइंटपर्यंतचे काम व्यवस्थित चालू आहे, एवढे तरी निश्चित होते.

खरी परीक्षा कार्बोरेटरच्या तोंडाशी होते. इग्निशन बंद ठेवून एअर फिल्टरचे झाकण काढावे, चोकची पाकळी उघडी धरावी, आत डोकावून थ्रॉटलची दांडी हाताने झटकन पूर्ण उघडावी. ॲक्सिलरेटर पंप (थ्रॉटल उघडताच जादा पेट्रोल उडवणारा छोटा पंप) असलेल्या कार्बोरेटरमध्ये घशाच्या आत असलेल्या बारीक तोटीतून पेट्रोलची सरळ, भरीव धार उडालेली स्पष्ट दिसते. अशी धार दिसली तर फ्लोट चेंबरमध्ये (कार्बोरेटरमधल्या पेट्रोल साठवणाऱ्या कप्प्यात) पेट्रोल आहे, आणि इंजिनने निदान काही सेकंद तरी सुरू व्हायला हवे. ते मुळीच सुरू होत नसेल तर ठिणगीकडे वळावे. धार न येता फक्त थेंब आले, फुसफुसणारी वाफ आली किंवा काहीच आले नाही, तर चेंबर रिकामा आहे. नळीत पारदर्शक फिल्टर असेल तर तोही पाहावा, पण जुन्या गाड्यांत तो चांगल्या स्थितीतही अर्धवट रिकामा दिसतो, त्यामुळे केवळ त्यातल्या बुडबुड्यांवरून निष्कर्ष काढू नये.

ठिणगी तपासण्यासाठी एका प्लगची वायर काढून तिला स्पार्क टेस्टर लावावा व सोबत्याला सेल्फ मारायला सांगावे. वायर हातात धरू नये आणि जवळपास पेट्रोल सांडलेले नसावे. निळसर पांढरी, टक टक आवाज करणारी ठिणगी ठीक समजावी. पिवळट, बारीक, मधूनच हरवणारी ठिणगी भाराखाली टिकत नाही. प्लग काढून पाहिला तर ओला प्लग पेट्रोल पोहोचत असल्याचे सांगतो आणि कोरडा प्लग न पोहोचल्याचे, पण फार वेळ सेल्फ मारून झालेला असेल तर ओल्या प्लगला फारसे महत्त्व देऊ नये.

यानंतर ओले फडके वापरावे, पण एका वेळी एकाच जागी. आधी फ्युएल पंपावर व त्याच्याकडे येणाऱ्या नळीवर ओले फडके ठेवून दोन-तीन मिनिटांनी सेल्फ मारावा. इंजिन सुरू झाले तर व्हेपर लॉकचा संशय बळावतो. काहीच फरक पडला नाही तर टर्मिनल कोरडी ठेवून कॉइलच्या अंगावर फडके गुंडाळावे. दोन्हीकडे एकदम पाणी टाकले की इंजिन सुरू होईल, पण कशामुळे सुरू झाले ते कधीच कळणार नाही.

व्हेपर लॉकचे निदान पक्के करण्यापूर्वी टाकीचे झाकण जरूर उघडून पाहावे. टाकीचा हवा घेण्याचा मार्ग तुंबला असेल तर पेट्रोल खर्च होत जाईल तशी टाकीत पोकळी वाढते, पंपाला पेट्रोल ओढता येत नाही, आणि थोडा वेळ थांबल्यावर हळूहळू हवा शिरून गाडी पुन्हा चालू लागते. झाकण उघडताच आत हवा ओढल्याचा आवाज आला आणि लगेच इंजिन सुरू झाले, तर दोष उष्णतेचा नव्हताच.

गाडी चालताना नीट असेल, पण गरम इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटांनी सुरू होत नसेल आणि पेट्रोलचा उग्र वास येत असेल, तर तो प्रकार व्हेपर लॉकच्या नेमका उलट आहे. तिथे फ्लोट चेंबरमधले पेट्रोल उकळून इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे मिश्रण नेणाऱ्या नळीत) सांडलेले असते, म्हणजे गाडी ‘ओव्हर’ झालेली असते. चोक न ओढता, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून आणि तो पुन्हा पुन्हा न दाबता सेल्फ मारल्यास ती सुरू होते. त्यावर कार्बोरेटरखाली उष्णतारोधक स्पेसर बसवणे हा चांगला उपाय आहे.

ठिणगीच नसल्याचे दिसले तरी लगेच नवी कॉइल आणू नये. कंडेन्सर (पॉइंटला जोडलेला छोटा कपॅसिटर) आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशनचे मॉड्यूल हेही तापल्यावर दगा देतात, आणि इंजिन व चेसिस यांच्यामधली गंजलेली अर्थिंगची पट्टीही ठिणगी दुबळी करते. सेल्फ फिरत असताना इंजिन पेट घेते आणि किल्ली सोडताक्षणी बंद पडते, असे होत असेल तर बॅलास्ट रेझिस्टर तुटलेला असण्याची शक्यता मोठी असते, कारण अशा अनेक गाड्यांत सेल्फच्या वेळी कॉइलला बॅटरीचा पूर्ण व्होल्टेज बॅलास्ट टाळून दिला जातो. शेवटी मल्टिमीटर घेऊन कॉइल गरम असतानाच तिचा प्रायमरी रोध मोजावा आणि गार झाल्यावर पुन्हा मोजावा. प्रायमरीमध्ये तांब्याच्या स्वाभाविक वाढीपेक्षा मोठा फरक आढळला, किंवा सेकंडरीचे वाचन गरम असताना अचानक घसरले अथवा नाहीसे झाले, तर कॉइल बदलावी, आणि नवी घेताना ती बॅलास्टसह चालणारी आहे की बॅलास्टशिवाय, हे गाडीच्या वायरिंगशी ताडून पाहावे.