हौसेच्या तळ्याचा सांडवा

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, जॉन्सटाउन या पोलाद कारखान्यांच्या गावापासून सुमारे 23 किलोमीटर वरच्या अंगाला साउथ फोर्क नावाचे मातीचे धरण होते. कालव्यातील बोटवाहतुकीला कोरड्या दिवसांत पाणी कमी पडू नये म्हणून राज्य सरकारने ते 1838 ते 1853 या काळात बांधले होते. त्याची उंची 22 मीटर आणि लांबी 284 मीटर होती. रेल्वे आली, कालव्याची गरज संपली, 1862 मध्ये धरण अंशतः फुटले आणि नंतरच्या एका मालकाने त्याच्या तळातील, पाणी बाहेर सोडण्याचे पाच ओतीव लोखंडी नळ काढून भंगारात विकले. 1879 मध्ये ही मालमत्ता पिट्सबर्गच्या धनिकांच्या मासेमारी व शिकार क्लबसाठी विकत घेण्यात आली. अँड्र्यू कार्नेगी आणि हेन्री क्ले फ्रिक हे या क्लबचे सभासद होते.

क्लबला सिंचन करायचे नव्हते की वीजही निर्माण करायची नव्हती. त्याला काठोकाठ भरलेले, देखणे तळे हवे होते. फुटलेला भाग माती, दगड, फांद्या आणि गवत टाकून बुजवण्यात आला, तळातील नळ मात्र पुन्हा बसवले गेले नाहीत. घोडागाड्यांना माथ्यावरून सहज जाता यावे म्हणून माथा दोन-तीन फुटांनी खाली घेऊन रुंद करण्यात आला. तळ्यात सोडलेले मासे वाहून जाऊ नयेत यासाठी सांडव्याच्या, म्हणजे जादा पाणी बाहेर जाण्याच्या वाटेच्या, तोंडाशी जाळ्या लावल्या गेल्या. यांतील एकही काम कोणाच्या वाइटासाठी केलेले नव्हते, पण प्रत्येक कामाने धरणाची पाणी बाहेर टाकण्याची क्षमता थोडी थोडी कमी केली. माझ्या मते हौसेच्या धरणांचा खरा धोका येथेच असतो, कारण मालकाला जे सोयीचे किंवा सुंदर वाटते, ते पुराच्या दिवशी बहुधा अडथळा ठरते.

माथा थोडासा खाली घेण्याने एवढा फरक का पडतो, हे समजण्यासाठी सांडव्याचे गणित पाहावे लागते. सांडव्यावरून जाणारा विसर्ग पाण्याच्या तेथील उंचीच्या सम प्रमाणात नव्हे, तर तिच्या दीड घाताच्या (1.5) प्रमाणात, म्हणजे उंचीपेक्षा अधिक वेगाने बदलतो. सांडव्याच्या उंबऱ्यावर 2.4 मीटर पाणी चढेपर्यंत धरणाचा माथा कोरडा राहत असेल आणि माथा 90 सेंटिमीटरने खाली घेतला, तर उंबऱ्यावर केवळ 1.5 मीटर पाण्याची मुभा उरते. उंची सदतीस-अडतीस टक्क्यांनी घटते, पण विसर्ग मात्र निम्म्यावर येतो. त्यातच जाळीला पालापाचोळा आणि ओंडके अडकले, तर हे उरलेले गणितही कागदावरच राहते.

जॉन्सटाउनच्या पोलाद कंपनीने 1880 मध्ये जॉन फुल्टन या अभियंत्याला धरण पाहण्यासाठी पाठवले. पाणी उतरवून दुरुस्ती करण्यासाठी तळाला वाटच नाही आणि नव्या भरावात मोठी गळती आहे, हे दोन्ही दोष त्याने नोंदवले. कंपनीने मजबुतीकरणाच्या खर्चात वाटा उचलण्याचीही तयारी दाखवली. क्लबने ती नाकारली. 31 मे 1889 रोजी, आदल्या रात्रीपासूनच्या अतिवृष्टीने तळे भरल्यावर कामगारांनी माथ्यावर माती चढवण्याचा आणि दुसरा सांडवा खोदण्याचा प्रयत्न केला, पण दुपारी पाणी माथ्यावरून वाहू लागले आणि धरण फुटले. तासाभराहून थोड्या अधिक वेळाने ते पाणी जॉन्सटाउनला पोहोचले. 2200 हून अधिक माणसे मरण पावली. अमेरिकी स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेने 1891 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, मूळ रचनेतही धरण टिकले नसते, असे म्हटले होते; 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जलशास्त्रीय अभ्यासाने तो निष्कर्ष खोडून काढला आणि माथा उतरवल्यामुळेच विसर्गक्षमता घातक रीतीने घटली असे दाखवले.

मातीच्या बांधाला माथ्यावरून वाहणारे पाणी सोसत नाही. ते सगळ्यात खोलगट जागी एकवटते, बाहेरचा उतार खरवडत घळ पाडते आणि घळ रुंदावली की बाकीचे काम वेगच करतो. म्हणून माथ्याची पातळी ठरावीक काळाने उपकरणाने मोजावी लागते, कारण भराव मधोमध खचतो आणि डोळ्यांना ते दिसत नाही.

गळतीचे निदान त्याहून नाजूक आहे. मातीचा बांध थोडा झिरपतोच. बाहेरच्या पायथ्याशी येणारे पाणी स्वच्छ असेल आणि तळ्याची पातळी सारखी असताना त्याचे प्रमाणही स्थिर असेल, तर सहसा घाबरण्याचे कारण नसते. पाणी गढूळ होऊ लागले, तर त्यासोबत मातीचे कण बाहेर येत आहेत आणि भरावात नळीसारखी पोकळी तळ्याच्या दिशेने सरकत आहे, असे समजून तातडीने अभियंत्याला बोलवावे. बांधावर सावलीसाठी लावलेली झाडेही याच कारणाने नकोत, कारण मेलेल्या मुळांच्या जागी पाण्याला आयती वाट मिळते. गवत मात्र हवे, आणि तेही कापलेले, म्हणजे बिळे आणि ओल दिसतात. रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे धरण 2019 मध्ये फुटल्यावर खेकड्यांना दोष दिला गेला, तेव्हा महाराष्ट्रात त्याची पुष्कळ थट्टा झाली. बिळे भराव कमकुवत करतात हे खरे आहे, पण खेकडे ती एका रात्रीत करीत नाहीत.

भारताचा 2021 चा धरण सुरक्षा कायदा 15 मीटरहून उंच आणि काही अटींवर 10 ते 15 मीटर उंचीच्या धरणांना लागू होतो. साउथ फोर्क त्यात सहज बसले असते. एखाद्या फार्महाउसच्या ओढ्यावरचा सहा मीटरचा बांध बसत नाही, जरी त्याच्या खाली वस्ती असली तरी. अशा बांधाच्या मालकाने तळातील झडप वर्षातून एकदा तरी उघडून पाहावी, कारण गंजलेली झडप असून नसल्यासारखी असते. मात्र तळे एकदम उतरवू नये. आतल्या उतारातील भिजलेल्या मातीला पाण्याचा आधार अचानक सुटला, तर तोच उतार घसरू शकतो. आणि ही देखभाल परवडेनाशी झाली, तर बांध तसाच सोडून देण्याऐवजी कोरड्या हंगामात, अभियंत्याच्या देखरेखीखाली, ओढ्याच्या पात्राइतका रुंद कापून पाणी मोकळे करणे हाही एक रीतसर उपाय आहे.